गिटार विकायच्या आधी अर्थिंग बघा

इलेक्ट्रिक गिटार बारा वर्षांची, घर मालवणात, समुद्रापासून तीनशे मीटरवर. स्ट्रॅटच्या, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची: तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे), सहा स्क्रूंवर डुलणारा ट्रेमोलो ब्रिज (दांडीने सूर हलवता येतो असा), चार स्क्रूंनी बॉडीला जोडलेली मेपलची नेक, म्हणजे मान. फेंडरने हा घाट १९५४मध्ये आणला आणि तेव्हापासून असंख्य कंपन्या त्याच मापावर गिटारी काढतात, त्यामुळे खालचं बरंचसं तशा कुठल्याही गिटारला लागू पडेल.

तक्रारी चार होत्या. अँप लावला की गुणगुण. पहिल्या चार-पाच फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तारांची खडखड. ट्रेमोलो वापरला की सूर उतरणं. आणि ब्रिजच्या पिकअपचा आवाज पातळ, कानाला टोचणारा. पर्याय तीन: दुकानात देऊन हंबकरवाली (दोन कॉइलचे, गुणगुण मारणारे पिकअप असलेली) घ्यायची, हिच्यातच नवे पिकअप टाकायचे, किंवा आहे तशी ठेवायची. मुंबईतल्या एका दुकानाने फोटो बघून ११ हजार सांगितले. हवी असलेली गिटार ४२ हजारांची, म्हणजे वर ३१ हजार घालायचे.

हे सगळं जुलैमध्ये चाललं होतं, आणि चूक तिथूनच सुरू झाली. कोकणात आषाढ-श्रावणात कुठलीही गिटार वाईटच वाटते. म्हणून आधी ठरवलं की प्रत्येक तक्रार गिटारची आहे की हवेची की घराची, हे मोजून वेगळं करायचं. मग पैशाचं बोलायचं.

सुरुवात गुणगुणीपासून, कारण हंबकरचा मोह तिच्यामुळेच होतो. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे तारेचं भेंडोळं. आसपासच्या वायरिंगचं चुंबकीय क्षेत्र ते अँटेनासारखं पकडतंच. पण गुणगुण एकाच जातीची नसते, आणि ती ओळखायला तीन साध्या चाचण्या पुरतात.

पहिली: पाच जागांचा स्विच एकेका जागेवर नेऊन ऐका. मधला पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट ध्रुवांचा असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर गुणगुण जवळजवळ नाहीशी होते. तसं झालं तर पिकअप आपलं काम बरोबर करताहेत. दुसरी: हात तारांवर ठेवा. गुणगुण कमी झाली तर ब्रिजची अर्थ वायर शाबूत आहे, कमतरता शील्डिंगची, म्हणजे आतल्या धातूच्या आवरणाची आहे. वाढली तर कुठेतरी अर्थ तुटली आहे किंवा जॅकवर दोन वायरी उलट लागल्या आहेत. तिसरी: गिटार हातात धरून जागेवरच हळूहळू गोल फिरा. एका दिशेला आवाज पडतो, दुसऱ्या दिशेला चढतो. हे पिकअपने थेट पकडलेलं. ट्यूबलाइटची चोक, पंख्याचा डिमर, इन्व्हर्टर यांच्यापासून लांब सरकणं हाच उपाय.

इथे तिन्ही चाचण्या धड उत्तर देईनात. चौथ्या जागेवरही गुणगुण राहायची आणि तारांना हात लावला की कधी कमी, कधी जास्त. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपचा सॉकेट मोजला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२. फेज आणि अर्थमध्येही तेवढेच यायला हवेत. आले ११०च्या आसपास, तेही नाचरे. याचा अर्थ तिसरी पिन भिंतीत आहे, पण ती जमिनीला कुठेच पोचत नाही. वायरमनने अर्थिंगचा खड्डा उकरून पाहिला आणि एका वाक्यात निकाल दिला: "अर्थिंगच नाय तुमच्या घराक, गिटारीक कित्याक दोष देतास?"

कारण समजून घेण्यासारखं आहे. इथली जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र, पाणी धरून ठेवत नाही, सरळ खाली सोडतो. मार्च ते मे खड्डा कोरडा ठणठणीत पडतो आणि अर्थचा अडथळा वाढतो. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात ते ओल धरायला. पण तेच मीठ आणि खारी हवा मिळून जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप खातात. आमच्या पाइपची वरची वीतभर लांबी हाताने चुरली जात होती आणि क्लॅम्पवरची वायर नुसती टेकलेली होती. नवा पाइप, नवा क्लॅम्प, कोळसा-मीठ आणि मजुरी धरून ३,८०० रुपये. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी खड्ड्यात, हे आता घरच्या कामांतच धरलं आहे.

हे नुसतं आवाजाचं प्रकरण नाही. अर्थ नसलेल्या अँपला जोडलेल्या गिटारच्या तारा हातात आणि ओठ माइकला, अशा वेळी बसणारा झटका जिवावर बेतू शकतो. गणपतीत मांडवात वाजवणाऱ्यांनी तरी सॉकेट मोजूनच अँप लावावा, आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय लावूच नये. गुणगुण घालवण्यासाठी अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग अजून भेटतात. त्यांच्या नादी लागू नका.

अर्थिंग झाल्यावर चाचण्या पुन्हा केल्या. दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर शांतता. तारांना हात लावला की गुणगुण कमी व्हायची, पण जेवढी व्हायला हवी तेवढी नाही. मागचं झाकण उघडल्यावर कारण सापडलं. ट्रेमोलोच्या स्प्रिंगा ज्या पत्र्याला अडकतात त्या क्लॉवर अर्थ वायरचा टाका असतो. त्यावर हिरवट पांढरी पूड जमली होती आणि काडीने ढकलल्यावर टाका सुटून आला. हा टाका २५ वॅटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने होत नाही. क्लॉ जाड पत्र्याचा, सगळी उष्णता पिऊन टाकतो आणि वर नुसता गोळा बसतो. ६० वॅटची घ्या. आधी कानशीने तेवढ्या जागेवरचा मुलामा घासून धातू उघडा करा, फ्लक्स लावा, क्लॉवर आणि वायरवर वेगवेगळं कथील चढवा आणि मग दोन्ही जोडा. टाका चकचकीत आणि पसरट दिसला पाहिजे. मण्यासारखा गोल दिसला तर तो कच्चा आहे, पुन्हा करा.

मग शील्डिंग. तांब्याची चिकटपट्टी, ५० मिलिमीटर रुंद, चिकट बाजूसुद्धा वीज वाहणारी. पिकगार्डखालचा सगळा खड्डा आणि पिकगार्डची मागची बाजू मढवली, तुकडे एकमेकांवर पाच मिलिमीटर चढवले. कुठल्याही दोन टोकांत मल्टिमीटरने एक ओहमच्या आत दाखवलं पाहिजे. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल वापरू नका, तिच्यावर कथील धरत नाही. सगळ्यांची होते ती चूक आमचीही झाली: सगळं बंद केलं, तारा चढवल्या आणि आवाज शून्य. जॅकची टोकाची पट्टी प्लग आत गेल्यावर बाहेर वाकते आणि खड्ड्यातल्या तांब्याला टेकते. तिथे इन्सुलेशन टेपचा एक तुकडा, बस्स.

आता नेक. खरा निर्णय हिच्यावर ठरतो. पिकअप, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग), स्विच, ब्रिज, खुंट्या, सगळं बदलता येतं. हाताला बसलेली नेक बदलली की गिटारच बदलली.

मोजायला लागतं ते असं: कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), सहा इंची स्टीलची पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा जुडगा). फिलर गेज मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये टॅपेट बसवायला वापरतात तोच. दहा मिनिटांसाठी मागून आणला तरी चालतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो, शेवटच्या फ्रेटवर जाडी तार दाबायची, आणि आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतली फट मोजायची. ०.२५ मिलिमीटर असावी. सतराव्या फ्रेटवर तारेची उंची १.६. मोजताना गिटार मांडीवर वाजवायच्या स्थितीत धरा. टेबलावर पाठ टेकवून मोजलं तर माप खोटं येतं.

जुलैअखेर फट आली ०.०५, म्हणजे नेक जवळजवळ सपाट. खडखड सुरुवातीच्या फ्रेटवर असेल तर बहुधा नेक जास्त सरळ झालेली असते. वरच्या, बॉडीकडच्या फ्रेटवर असेल तर वाक जास्त किंवा तारा फार खाली. इथे कारण फ्रेटबोर्डचं, म्हणजे फ्रेट बसवलेल्या पुढच्या फळीचं लाकूड. मेपलला मागून लाखेचा थर आहे, फ्रेटबोर्ड उघडा. पावसात उघडी बाजू ओल पिऊन फुगते, मागची तेवढी फुगत नाही, नेक मागे ताणली जाते. प्रत्येक नेक असंच वागेल असं नाही. लाकडाचे धागे कसे आहेत त्यावरही अवलंबून. म्हणून वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये, माप घेऊन झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवावं.

फ्रेटबोर्डवरून आठवलं. २०१७मध्ये साइटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या करारात शिसवाच्या साऱ्या प्रजातींच्या व्यापारावर निर्बंध आले, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी स्वस्त गिटारींसाठी दुसरी लाकडं धरली. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, पण बदललेली लाकडं काही ठिकाणी तशीच राहिली. जाहिरातीत 'इंडियन लॉरेल' लिहिलेलं असतं ते म्हणजे आपला ऐन. नाव वाचून नाक मुरडण्याआधी घराच्या वाशांकडे बघावं.

ट्रस रॉडला, म्हणजे नेकच्या आतल्या वाक बदलणाऱ्या सळईला, ४ मिलिमीटरची अॅलन की लागली. तारा एक स्वर उतरवून पाव वळसा सैल केला, तारा पुन्हा सुरात घेतल्या, रात्रभर ठेवली. सकाळी फट ०.१८. आणखी आठवा भाग वळसा, आणि ०.२५. खडखड गेली. इथे महत्त्वाचं हे की ट्रस रॉडच्या नटाला दोन्ही बाजूंना फिरायला जागा होती. नट पूर्ण आवळलेला असूनही नेक पुढे वाकलेली, किंवा पूर्ण सैल करूनही मागे ताणलेली असती, तर निर्णय तिथेच विकण्याच्या बाजूने गेला असता. तसाच नेकला पीळ असेल तर. पीळ बघायला गिटार बंदुकीसारखी डोळ्याला लावून हेडस्टॉककडून बॉडीकडे बघा: पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट यांच्या रेषा समांतर दिसल्या पाहिजेत.

फ्रेटची उंची कॅलिपरने मोजली. बाराव्यावर ०.९५ मिलिमीटर, पहिल्या तिनांवर खड्ड्यांत ०.७५. एकदा घासून सपाट करण्याइतका माल आहे. ०.६च्या खाली गेले असते तर नवे फ्रेट बसवण्याचा खर्च हिशोबात धरावा लागला असता, आणि या किमतीच्या गिटारला तो परवडत नाही.

सूर उतरण्याचं दोन गोष्टींतच मिटलं. नटच्या (हेडस्टॉकजवळची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) खाचांत पेन्सिलीचं शिसं घासलं. आणि ब्रिजचे सहा स्क्रू सगळेच करकचून आवळलेले होते, ते सैल करून ब्रिज सहज डुलेल इतके ठेवले. महागड्या लॉकिंग खुंट्यांची यादी तिथेच फाडली.

गंजाने मात्र घाम काढला. सॅडलची (ब्रिजवर प्रत्येक तारेखालचा ठोकळा) उंची बदलणारे बारीक बिनडोक्याचे स्क्रू, एम३ मापाचे, १.५ मिलिमीटरच्या अॅलन कीने फिरतात. बारापैकी पाच जाम. जोर लावला की आतला षटकोन गोल होतो आणि मग काहीच करता येत नाही. रीत अशी: टूथपिकच्या टोकाने प्रत्येकावर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकेक थेंब, एक रात्र थांबायचं, मग सोल्डरिंगच्या इस्त्रीचं तापलेलं टोक स्क्रूवर वीस सेकंद टेकवायचं आणि गरम असतानाच आधी आवळायच्या दिशेला किंचित, मग सोडायच्या दिशेला फिरवायचं. चार सुटले. पाचव्याचा षटकोन गेला. सॅडलच नवा घ्यावा लागला. बाकी सगळे स्टेनलेसचे घातले, ३१६ प्रतीचे. ३०४ला इथे दोन पावसाळ्यांत चहाचे डाग पडल्यासारखा तांबूस रंग येतो, हे बंदरावर बोटीचं काम करणारा कोणीही सांगेल.

उरला पातळ आवाज. पिकअप बदलायचे ठरवण्याआधी गिटारला केबल लावून दुसऱ्या टोकाला, प्लगच्या टोक आणि दांड्यात, ओहम मोजा. व्हॉल्यूम पूर्ण. सिंगल कॉइलला साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम. इथे तिन्ही पिकअप ५.८ ते ६.१च्या दरम्यान, म्हणजे धडधाकट. मीटरने २४०-२५० किलोओहम दाखवले तर कॉइल तुटली, तुम्ही फक्त पॉट मोजताय. पिकअपची तार जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाड. खाऱ्या ओलीने टोकाशी हिरवी पडून तुटते.

मग लक्षात आलं की पिकअप तारांच्या फार जवळ आणलेले होते. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपच्या खांबापर्यंत जाड्या तारेला २ आणि बारीक तारेला १.६ मिलिमीटर अंतर हवं. होतं एकाच्याही आत. चुंबक तारेला ओढतात, सूर डळमळतो, आवाज टोचतो. दोन स्क्रू, पाच मिनिटं. शिवाय ब्रिजच्या पिकअपला टोनचा पॉट जोडलेलाच नव्हता, जे जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये नेहमीचं आहे. स्विचवर एक छोटी वायर टाकून मधल्याचा टोन पॉट त्यालाही दिला. खर्च वायरीच्या तुकड्याचा. पॉटची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्याने आणि तीसेक वेळा फिरवण्याने गेली.

तरीही कुणाला ब्रिजला हंबकर हवाच असेल तर लाकूड कोरू नका. सिंगल कॉइलच्या मापाचा हंबकर त्याच भोकात बसतो. हंबकरला साधारणपणे ५०० किलोओहमचे पॉट वापरतात, सिंगल कॉइलला २५०. एकाच व्हॉल्यूमवर दोन्ही असतील तर तडजोड करावी लागते. मोठे पॉट घेताना पिकगार्डचं भोक बघा: लहान पॉटांना ८ मिलिमीटर पुरतं, मोठ्यांना सुमारे ९.५ लागतं. आणि ट्रेमोलोचा, ब्रिजखाली बॉडीत उतरणारा, जाड ब्लॉक मागवण्याआधी बॉडीची जाडी मोजा. बऱ्याच स्वस्त गिटारींची ४० मिलिमीटरच्या आसपास असते, पूर्ण मापाच्या ४५ला बेतलेला ब्लॉक मागून बाहेर येतो. निघालेला प्रत्येक भाग डब्यात जपावा. विकताना मूळ भाग असलेली गिटार जाते, कोरलेली पडून राहते. घातलेल्या पिकअपचे पैसे मात्र परत येत नाहीत.

आता हिशोब. अर्थिंगचे ३,८०० घराच्या खात्यात, कारण गिटार बदलली असती तरी ते लागलेच असते. तांब्याची पट्टी, क्लीनर, स्क्रू, एक सॅडल, तारांचा संच मिळून २,१५०. विरुद्ध बाजूला ३१ हजार. हवी असलेली गिटार चिकटवलेल्या नेकची, ६२८ मिलिमीटर लांबीची, हिची ६४८. तारा मऊ लागतात, आवाज जाड, हे खरं सुख आहे आणि ते कुठल्याही दुरुस्तीने या गिटारमध्ये येणार नाही. फक्त ते सुख दुकानातल्या एसीत, कोरड्या हवेत चाखलेलं असतं. शक्य असेल तर आपला अँप घेऊन जावं आणि तासभर वाजवावं. पहिल्या दहा मिनिटांत नवी गिटार सगळ्यांनाच आवडते.

विकायचीच ठरली तर एक गोष्ट घेणाऱ्याला सांगायला हवी. इथल्या ओलीत फुगलेला फ्रेटबोर्ड पुण्याच्या एप्रिलमध्ये आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन हाताला लागतात. गिटार खराब नसते, पण आधी न सांगितल्यास भांडण नक्की.

ठेवली. आता ती कडक केसमध्ये असते, सोबत पाव किलो सिलिका जेल आणि तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक. तो मापक खरं बोलतो का ते बघायला बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ किंचित ओलं करून दोन्ही एका घट्ट डब्यात एक दिवस ठेवा. ७५ टक्के दाखवायला हवेत. जेवढा फरक, तेवढा नेहमी वजा किंवा अधिक करायचा. कापडी पिशवीत जेल ठेवून उपयोग नाही, चार दिवसांत संपृक्त होतं. केस घट्ट असेल तरच तीनेक आठवडे चालतं, मग १२० अंशांवर दोन तास तापवलं की परत तयार. कपाटात बल्ब लावून ठेवण्याची जुनी युक्ती चांगली होती, पण आता मिळणाऱ्या एलईडीने उजेड पडतो, ऊब येत नाही. फ्रेटबोर्डला पावसाळ्यात तेल लावू नका, आणि खोबरेल तर कधीच नको: खवट वास येतो आणि चिकट थर जमतो.

फ्रेट घासायचे फेब्रुवारीसाठी ठेवले आहेत. फुगलेल्या नेकवर सपाट केलेले फ्रेट ती आकसल्यावर सपाट राहत नाहीत. तोवर पहिल्या तिनांवरचे खड्डे आहेत तसेच, आणि झाकणाच्या आत पेन्सिलीने ऑगस्टचा आकडा: ०.२५.